चौदा नंबरच्या खाटेपाशी राहून गेलेली दोन मिनिटे

वाचकाचे पत्र

मी २९ वर्षांची आहे. जीएनएम ही नर्सिंगची पदविका करून ७ वर्षे झाली. सध्या नागपूरच्या धंतोलीतल्या १२० खाटांच्या एका खाजगी रुग्णालयात मेडिसिन वॉर्डला काम करते. मानेवाड्याला राहते, घरी पती, सासूबाई आणि ४ वर्षांचा मुलगा आहे. रात्रीची ड्युटी आठ ते आठ असते. आम्ही दोघी आणि रुग्ण २२ ते २४. महिन्यातून दोनदा सलग सहा रात्री लागतात. पगार १९,५०० रुपये आहे.

गेल्या महिन्यात रात्री दोनच्या सुमारास चौदा नंबरच्या बाबांनी माझा हात धरला आणि म्हणाले, ‘सिस्टर, दोन मिनिटं बस ना बाप्पा माझ्यापाशी.’ मी ‘आलेच बाबा’ म्हणाले आणि सहा नंबरचे सलाईन बदलायला गेले. मग नवीन रुग्ण दाखल झाला, मग चार वाजताचे रक्ताचे नमुने. पाच वाजून दहा मिनिटांनी बाबा गेले. मी सगळे नियमाप्रमाणे केले, कागद भरले, ओव्हर दिला, म्हणजे सकाळच्या पाळीला रुग्णांची माहिती सांगितली, आणि घरी आले. मला रडू आले नाही, नंतरही आले नाही, आणि त्याचीच मला भीती वाटते. आता ड्युटीला निघताना पोटात गोळा येतो, बेल वाजली की राग येतो, घरी मुलावर ओरडते. पती म्हणतात, सोड ही नोकरी, बँकेच्या परीक्षा दे. सासूबाई म्हणतात, ही सेवा आहे, थोडे सोसायचे असते. परिचारिका दिनाला आमच्याकडे पाहुणे येऊन कामातल्या समाधानावर बोलतात. ते समाधान खरोखर असते का? आणि मी वाईट परिचारिका झाले आहे का?

— एक परिचारिका, नागपूर

उत्तर

प्रिय सिस्टर,

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण त्याशिवाय पुढचे वाचण्यात तुमचे मन लागणार नाही. तुम्ही वाईट परिचारिका झालेल्या नाहीत. बाबांनी हात धरला त्या क्षणी सहा नंबरचे सलाईन संपत आले होते, तुमची जोडीदारीण बहुधा वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला अडकलेली होती आणि कोणाकडे आधी जायचे हे ठरवायला तुमच्यापाशी एका श्वासाएवढाच वेळ होता. शिकलेल्या कोणत्याही परिचारिकेने तेव्हा तोच निर्णय घेतला असता, मीही तोच घेतला असता. ३४ वर्षे आधी वॉर्डात आणि मग नर्सिंगच्या वर्गात घालवल्यावर हे लिहीत आहे. तुमची समजूत काढायची म्हणून लिहीत नाही. बाबा गेल्याची वेळ तुम्ही पत्रात पाच वाजून दहा मिनिटे अशी लिहिली आहे. महिना उलटला तरी ती मिनिटांसकट तुमच्या मनात आहे.

आता रडू न येण्याविषयी. कातडीवर एकाच जागी सतत घासले गेले की तिथे घट्टा पडतो. तो कातडीने स्वतःला वाचवण्यासाठी केलेला उपाय असतो, आणि मनालाही तसाच घट्टा पडतो. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मास्लाक आणि त्यांच्या सहकारी सुसान जॅक्सन यांनी १९८१ मध्ये ही अवस्था, म्हणजे इंग्रजीतले ‘बर्नआउट’, मोजण्याची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली आणि तिच्यात तीन गोष्टी वेगवेगळ्या धरल्या: भावना आटून जातील असा थकवा, ज्यांच्यासाठी काम करतो त्या माणसांविषयी येणारा कोरडेपणा, आणि आपल्या हातून काही धड होत नाही ही बोच. तुमच्या पत्रात तिन्ही आहेत. पोटातला गोळा ही पहिली, बेल ऐकून येणारा राग ही दुसरी आणि ‘मी वाईट परिचारिका झाले का’ हा प्रश्न म्हणजे तिसरी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत या अवस्थेची नोंद केली. ती नोंद आजार म्हणून नाही. कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा ताण नीट हाताळला गेला नाही की उद्भवणारी, नोकरीशी निगडित अवस्था, अशी ती आहे. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. या अवस्थेचे मूळ तुमच्या स्वभावात शोधू नका; ते वॉर्डाच्या मांडणीत शोधायचे आहे. मात्र घट्टा पडलेल्या बोटाला नाडी नीट लागत नाही, म्हणून त्याकडे दुर्लक्ष करूनही चालणार नाही.

तुमचे पत्र दोन-तीनदा वाचल्यावर मला वाटले, की त्यात दोन दुखणी एकमेकांत मिसळली आहेत आणि घरातली माणसे त्यांच्यावर अदलाबदल झालेली औषधे देत आहेत. पहिले दुखणे शरीराचे आहे: अपुरी झोप, जास्त रुग्ण, कमी पगार. त्यावर ‘सेवा आहे, सोसा’ हे औषध लागू पडत नाही. दुसरे दुखणे असे, की जे काम तुम्ही तीन वर्षे मन लावून शिकलात, ते रोज अर्धे टाकून घरी यावे लागते. अँड्र्यू जेमटन या अभ्यासकांनी १९८४ मध्ये परिचारिकांविषयी लिहिताना या वेदनेला वेगळे नाव दिले. आपल्या भाषेत तिला नैतिक घुसमट म्हणता येईल. योग्य काय ते आपल्याला ठाऊक असते, ते करण्याची इच्छा असते, हात शिकलेले असतात आणि तरीही व्यवस्था ते करू देत नाही, तेव्हा ही घुसमट होते. ‘नोकरी सोड’ हे औषध तिच्यावर चालेलच असे नाही, कारण सोडलेल्या कामाची बोच बँकेच्या खुर्चीवरही सोबत येऊ शकते. म्हणून मी दोन्हींविषयी वेगवेगळे लिहिते.

पहिल्याची सुरुवात हिशेबाने करू या. तुमची रात्र १२ तासांची, म्हणजे ७२० मिनिटांची. तुमच्या वाट्याला १२ रुग्ण धरले आणि रात्री दहा, दोन आणि सहा वाजता प्रत्येकाचा ताप, नाडी, रक्तदाब पाहायला पाच मिनिटे धरली, तर १८० मिनिटे गेली. औषधांच्या दोन फेऱ्या, रुग्णामागे दहा मिनिटे, म्हणजे २४० मिनिटे. आठ जणांचे रक्ताचे नमुने सात-सात मिनिटांनी ५६. एक नवीन रुग्ण दाखल करून घेणे ६०. ओव्हर घेणे आणि देणे मिळून ६०. बारा जणांच्या नोंदी प्रत्येकी आठ मिनिटांनी ९६. बेरीज ६९२ होते. उरलेल्या २८ मिनिटांत सगळ्या बेल, ओली झालेली चादर, निघालेली सुई, घाबरलेला नातेवाईक, तुमचे स्वतःचे जेवण आणि एका मरणासन्न माणसाजवळ बसणे हे सगळे बसवायचे असते. हे आकडे माझ्या अंदाजाचे आहेत. तुमच्या वॉर्डाप्रमाणे बदलून पाहा. पण कसेही बदलले तरी बाबांची दोन मिनिटे त्या रात्रीच्या मांडणीत कोणी ठेवलेलीच नव्हती, हे तुम्हाला दिसेल. जे ठेवलेलेच नव्हते ते दिले नाही म्हणून आपण स्वतःला दोषी धरतो.

परिचारिकेकडे रुग्ण किती, हा सोयीचा प्रश्न नाही, जिवाचा आहे. शुश्रूषेच्या संशोधक लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध केला. एका परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला, की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाचा ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी, परिचारिकेला अशी शीण-अवस्था येण्याची शक्यता २३ टक्क्यांनी आणि नोकरीविषयी असमाधान वाटण्याची शक्यता १५ टक्क्यांनी वाढते, असे त्यांना आढळले. कॅलिफोर्नियाने १९९९ मध्ये यासाठी कायदाच केला आणि २००५ पासून तिथे मेडिकल-सर्जिकल वॉर्डात एका परिचारिकेकडे पाचपेक्षा जास्त रुग्ण देता येत नाहीत. तिथला नियम धंतोलीत लागू होत नाही, हे मला कळते. तरीही तुमच्या पोटातल्या गोळ्यामागे एक मोजता येण्याजोगे कारण आहे, एवढे त्यातून कळते, आणि मोजता येते ते लिहिता येते.

लिहायचे कसे, यावर मला थोडे सविस्तर सांगायचे आहे, कारण मी स्वतः हे फार उशिरा शिकले. नोकरीच्या चौथ्या-पाचव्या वर्षी मी एका रुग्णालयात होते. रुग्ण फार झाले म्हणून संतापाच्या भरात एकटीच ऑफिसात गेले आणि तोंडीच सगळे बोलून आले. समोरून एवढेच उत्तर आले, ‘सिस्टर, तुम्हाला झेपत नसेल तर तसे सांगा.’ पुढच्या आठवड्यात माझा वॉर्ड बदलला आणि जुन्या वॉर्डात रुग्ण होते तेवढेच राहिले. तेव्हापासून माझा नियम असा, की तोंडी बोलायचे नाही आणि एकटीने जायचे नाही. तुम्ही महिनाभर एक साधी नोंद ठेवा: तारीख, पाळी, रुग्ण २३, परिचारिका २, नवीन दाखल २, अतिगंभीर ३, दोन वाजताची तपासणी ४० मिनिटे उशिरा, अमुक रुग्णाची कूस बदलणे राहिले. तक्रारीचा एकही शब्द नको, रुग्णाचे नाव नको, कोणा सहकाऱ्यावर ठपका नको. महिन्याने ती नोंद घेऊन वॉर्डातल्या पाच-सहा जणींच्या सह्यांचे पत्र मेट्रनना द्या आणि त्याची पोच घ्या.

पत्रात मागणी मोठी करू नका. पहाटे चार ते सात या वेळेत एक जास्तीची मावशी किंवा वॉर्डबॉय मिळावा, तातडीचे नसलेले नमुने चारऐवजी सहा वाजता घेतले जावेत, सलग रात्री सहाऐवजी तीन असाव्यात आणि पाळ्यांचा फेरा सकाळ, दुपार, रात्र अशा सरळ क्रमाने फिरावा. शेवटच्या मागणीला कारण आहे: शरीराला झोप पुढे ढकलणे सोपे जाते, अलीकडे ओढणे जड जाते. या चारपैकी दोन गोष्टींना तर रुग्णालयाला एक रुपयाही लागत नाही. व्यवस्थापनाशी बोलताना आपल्या थकव्याविषयी कमी आणि खाटेवरून पडणारे रुग्ण, पाठीला होणाऱ्या जखमा, चुकीच्या नळीत गेलेले नमुने आणि दर सहा महिन्यांनी नव्या मुलीला शिकवण्यात जाणारा वेळ यांविषयी जास्त बोला. ती भाषा तिथे ऐकली जाते.

पगाराचे थोडक्यात सांगते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ मधील निर्देशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने खाजगी परिचारिकांच्या वेतनाविषयी शिफारशी केल्या. त्यांनुसार शंभराहून अधिक खाटांच्या रुग्णालयात वेतन सरकारी परिचारिकेपेक्षा १० टक्क्यांहून जास्त कमी नसावे, आणि पन्नासपेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही ते २०,००० रुपयांखाली नसावे. ही शिफारस आहे, कायदा नाही. पण तुमचा पगार सर्वांत लहान रुग्णालयासाठी सुचवलेल्या रकमेपेक्षाही कमी आहे, हे पगारवाढीच्या वेळी शांतपणे सांगता येईल, आणि ते तुम्ही सांगावे.

झोपेकडे वळते, कारण मुलावर निघणाऱ्या रागाचे निम्मे कारण मला तिथे दिसते. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असताना दिवसा झोपणे ही शिक्षाच असते. कूलरमधले पाणी अकरालाच संपते, दार वाजते, सिलिंडरवाला येतो, आणि चार तासांच्या तुटक झोपेवर पुढची रात्र काढायची वेळ येते. रात्रीचा शेवटचा चहा तीनच्या आत घ्या, कारण चहा-कॉफीचा परिणाम पाच-सहा तास टिकतो. सकाळी स्कूटीवर निघताना गडद गॉगल लावा, म्हणजे उन्हाने मेंदू जागा होत नाही. आणि पापण्या मिटत असतील तर आधी चेंजिंग रूममध्ये वीस मिनिटे डोळे मिटून पडा. मेडिकल चौकातल्या सकाळच्या गर्दीत डुलकी लागलेली परिचारिका मी पाहिली आहे आणि ती नशिबाने वाचली. पहिल्या रात्रीच्या आधी दुपारी दीड तास झोपून घ्या. पहाटे तीन ते पाच या वेळेत शरीराचे तापमान सर्वांत खाली असते आणि चुकाही याच वेळेत होतात, म्हणून तेव्हाचे इंजेक्शन भरताना लेबल मोठ्याने वाचा आणि जोडीदारणीला ऐकवा. वॉर्डात हाताशी असलेली झोपेची गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका. आपल्या व्यवसायातल्या चांगल्या चांगल्या मुली त्या एका गोळीपासून घसरल्या आहेत, म्हणून हे स्पष्ट लिहिते.

सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांच्या तोंडी ‘सेवा’ हा शब्द आला तो तुमच्या कामाविषयीच्या आदरातून आला आहे, आणि सून करते ते काम पुण्याचे आहे असे म्हणणारी सासू मिळणे ही लहान गोष्ट नाही. त्या आदराला फक्त कामाला लावायचे आहे. एखाद्या शांत संध्याकाळी त्यांना सांगा, ‘आई, रात्रपाळीच्या सहा दिवसांत सकाळी नऊ ते दुपारी तीन मला कोणी उठवायचे नाही, फोन तुमच्याजवळ ठेवा, बाळाला तेवढा वेळ तुम्ही सांभाळा, माझ्या सेवेत तुमचाही वाटा होईल.’ पतींनाही एक ठरलेले काम द्या, उदाहरणार्थ सकाळचा डबा आणि मुलाला शाळेत पोहोचवणे. ‘तू थकतेस’ असे म्हणण्यापेक्षा त्यांनी एवढे केले तर तुमचा थकवा जास्त उतरेल.

‘सेवा’ या शब्दाविषयी मात्र मला स्वतःचे मत मांडायचे आहे. ज्यांच्या नावाने १२ मे हा परिचारिका दिन साजरा होतो, त्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे चित्र आपण हातात दिवा घेतलेल्या मूर्तीसारखे लावतो. त्या बाईंनी आयुष्याचा फार मोठा भाग मोजण्यात घालवला. सैनिक जखमांनी किती मेले आणि अस्वच्छतेतून होणाऱ्या रोगांनी किती मेले, याचे आकडे आणि आकृत्या त्यांनी सरकारपुढे ठेवल्या आणि १८५८ मध्ये त्या लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेच्या पहिल्या महिला सदस्य झाल्या. म्हणून तुम्ही रात्रपाळीची नोंद ठेवाल तेव्हा सेवेच्या विरोधात काही करत आहोत असे वाटून घेऊ नका. सेवा म्हणून गप्प बसा, हा अर्थ त्या शब्दाला नंतर चिकटवला गेला आहे.

आता दुसऱ्या दुखण्याकडे, म्हणजे समाधानाकडे. मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्ये नोकरदारांच्या मुलाखतींवरून एक गोष्ट मांडली होती, ती मला वॉर्डात कायम खरी वाटत आली. पगार, पाळ्या, वरिष्ठांची वागणूक या गोष्टी बिघडल्या की असमाधान येते, पण त्या सुधारल्या म्हणून समाधान आपोआप येत नाही. ते कामाच्या आत, काही तरी नीट पार पाडल्याच्या जाणिवेत असते. म्हणजे वर लिहिलेले सगळे झाले तरी तुमचा पाहुण्यांविषयीचा प्रश्न शिल्लक राहतो. त्याचे माझे उत्तर असे: समाधान असते, पण ते वॉर्डभर पसरलेले नसते, एका खाटेपाशी असते.

मी नवीन असताना आमच्या वॉर्डाच्या परिसेविका, म्हणजे प्रमुख सिस्टर, ओव्हरच्या वेळी खाटेचा नंबर चालू देत नसत. ‘आठ नंबर, सीओपीडी, ऑक्सिजनवर’ असे कोणी सुरू केले की त्या हात वर करायच्या आणि आम्ही पुन्हा सुरुवात करायचो: नाव, गाव आणि एक गोष्ट. ‘कळमेश्वरच्या आजी, डाव्या कानाने ऐकू येत नाही, सून आल्याशिवाय जेवत नाहीत.’ आम्हाला तो वेळेचा अपव्यय वाटायचा. पुढे शिकवायला लागल्यावर मनोविश्लेषक इझाबेल मेंझिस यांचा लंडनच्या एका अध्यापन रुग्णालयातील परिचारिकांवरचा, १९६० मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास वाचला आणि बाईंचा हात वर का जायचा ते कळले. मेंझिस यांना दिसले, की तिथे प्रत्येक परिचारिकेला पुष्कळ रुग्णांची थोडी थोडी कामे वाटून दिली जात, रुग्णाचा उल्लेख खाटेच्या नंबराने किंवा त्याच्या बिघडलेल्या अवयवाने होई, आणि हे सगळे मरणाच्या इतक्या जवळ काम करताना वाटणाऱ्या भीतीपासून बचाव म्हणून चाले. पण त्या बचावाने भीती कमी होत नसे आणि रुग्ण बरा होताना पाहण्याचे समाधान मात्र हातचे जाई. नंबर म्हटल्याने दुःख कमी होत नाही, सिस्टर. ज्याच्यामुळे काम करावेसे वाटते तेवढेच कमी होते.

म्हणून तुम्हाला एक सवय सुचवते. प्रत्येक ड्युटीला एकच रुग्ण निवडा, शक्यतो ज्याच्याजवळ कोणी नातेवाईक नाही असा, आणि त्याचे एक काम नर्सिंगच्या शाळेत शिकलात तसे पूर्ण करा. तोंडाची निगाच घ्या. ग्लासभर कोमट पाणी, गॉज, थोडे ग्लिसरीन. सुकून टाळूला चिकटलेली जीभ हळूहळू ओली होते, ओठांवरची खपली निघते, आणि दिवसभर न बोललेला माणूस पाणी मागतो. सात-आठ मिनिटांचे काम आहे. बाकीच्या अकरा जणांचे जे राहील ते राहीलच, ते तुमच्या नोंदीत जाईल. पण घरी जाताना एक काम पहिल्यापासून शेवटपर्यंत झालेले तुमच्यासोबत येईल.

आणि नाडी. यंत्राच्या चिमट्यावर आकडा दिसतो म्हणून आपण मनगटाला हात लावणे सोडून दिले आहे, किंवा पंधरा सेकंद मोजून चाराने गुणतो. निदान दोन-तीन रुग्णांची नाडी पूर्ण साठ सेकंद मोजा, आणि स्टूल असेल तर बसून मोजा. एक मिनिट तुमची तीन बोटे त्याच्या मनगटावर असतात, नजर घड्याळावर असते, पण त्या माणसाला एवढेच कळते, की सिस्टर माझ्यापाशी बसली आहे. हे मिनिट कोणाकडून मागून घ्यावे लागत नाही, कारण ते शुश्रूषेच्या नियमातच आहे, आणि ठोके चुकत असतील तर ते यंत्राच्या आधी तुमच्या बोटांना कळतात. शिवाय ‘आलेच’ हा शब्द सोडून द्या. ‘बाबा, मला अर्धा तास लागेल, तोवर मावशी तुमच्यापाशी उभी राहील’ असे सांगितले तर तुम्हाला मागे फिरता आले नाही तरी खोटे बोलल्याची बोच लागत नाही.

नोकरी सोडण्याविषयी. तीन महिने मुदत ठेवा. त्या काळात नोंद, पत्र, झोप आणि ही एक खाट, एवढे करून पाहा. मुदत संपताना बेल ऐकून येणारा राग तसाच असेल आणि तुमच्या पत्रावर कोणी बसून बोललेही नसेल, तर ते रुग्णालय सोडा, त्यात कमीपणा नाही. पण रुग्णालय सोडणे आणि शुश्रूषा सोडणे या वेगळ्या गोष्टी आहेत. बँकेचे म्हणाल, तर तिथे पदवी लागते आणि जीएनएम ही पदविका आहे. तुमच्याकडे वेगळी पदवी नसेल तर तो रस्ता आधी तीन वर्षांच्या पदवीतून जातो. शिवाय सर्वसाधारण गटाला लिपिकासाठी २८ आणि अधिकाऱ्यासाठी ३० वर्षांची मर्यादा आहे, आरक्षित गटांना सवलत आहे. त्यापेक्षा दोन वर्षांचे पोस्ट बेसिक बी.एस्सी. करून शिकवण्याकडे वळता येते. एम्सच्या नर्सिंग ऑफिसर परीक्षेला जीएनएमसोबत किमान ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव चालतो, आणि तो तुमच्याकडे आहे. मात्र तिथेही सर्वसाधारण मर्यादा ३० वर्षांची आहे, तेव्हा तुमच्या गटाला काय लागू होते ते याच आठवड्यात पाहा. मिहानमधले एम्स, मेडिकल, मेयो, डागा या नागपुरातल्या सरकारी रुग्णालयांपैकी कुठेही गेलात तरी गर्दी कमी असेल असे समजून जाऊ नका. तिथे नोकरीची शाश्वती आणि वेतन वेगळे असते. डायलिसिस युनिट, ऑपरेशन थिएटर, संसर्ग नियंत्रण या जागांवर कामाची लय वेगळी असते आणि काही स्वभावांना ती फार मानवते. तुम्हाला मानवेल का, हे तिथल्या मैत्रिणीबरोबर एक दिवस घालवला तर कळेल.

एक गोष्ट मात्र तीन महिने थांबवायची नाही. दोन आठवडे सलग झोप लागत नसेल किंवा कशातच मन रमत नसेल, मुलावर हात उगारला जात असेल, किंवा आपण नसलो तर बरे असा विचार एकदाही मनात आला असेल, तर मेडिकलच्या मानसोपचार बाह्यरुग्ण विभागात जा, किंवा टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. केंद्र सरकारची ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, निःशुल्क आहे, रात्रीच्या ड्युटीतही लागते आणि मराठीत बोलता येते. रुग्णाला आपण ‘वेळेवर का आला नाहीत’ म्हणतो, तेच मी तुम्हाला आता म्हणते आहे.

तुमच्या पत्रात बाबांचे नाव नाही. गोपनीयता म्हणून तुम्ही ते गाळले असेल तर योग्यच केलेत. पण ते तुम्हाला आठवतच नसेल, तर पुढच्या ड्युटीला वॉर्डाचे रजिस्टर काढा आणि त्या तारखेच्या पानावर चौदा नंबरसमोर काय लिहिले आहे ते पाहा: नाव, वय, गाव. मला कळवू नका. ओव्हरला तुमच्यासोबत जी नवी मुलगी असेल, तिला त्या रात्रीची हकीकत सांगा आणि सांगताना त्यांना चौदा नंबर म्हणू नका. सांगताना रडू आले तर येऊ द्या, नाही आले तरी हकीकत पूर्ण सांगा.

तुमची,
एक जुनी सिस्टर